हिरव्या दिव्याचं घर

आमच्या घरात आता खिडक्या उघड्या असतात. नुंगंबाक्कमच्या मागच्या गल्लीतली धूळ, शेजारच्या मेसमधल्या फोडणीचा खकाणा, संध्याकाळचे डास, सगळे आत येतात आणि मी कुणालाच अडवत नाही. दुपारी खिडकीचा कठडा पुसला की फडकं काळं निघतं. ते काळं फडकं पिळताना मला बरं वाटतं, असं कुणाला सांगितलं तर हिला वेड लागलंय म्हणतील. म्हणोत बापडे. ज्या वर्षी आमचं घर सर्वांत स्वच्छ होतं, त्याच वर्षी ते आमची दोन माणसं गिळायला निघालं होतं.

सुरुवात मुलीच्या दम्यापासून झाली. ती तेव्हा दुसरीत होती. समोरचा रस्ता महिनोन्महिने खोदून ठेवलेला, आणि त्याची माती झाडांच्या पानांवर, गाड्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसलेली. एका संध्याकाळी ती खेळून आली आणि जिन्यातच बसली. हाक मारली तरी वर येईना. आधी मला वाटलं, नाटकं करतेय. मी तावातावाने खाली उतरले, तर तिच्या छातीतून शीळ घातल्यासारखा आवाज येत होता आणि दर श्वासाला गळ्याखालची कातडी आत ओढली जात होती. तिला बोलता येत नव्हतं. ती नुसती माझ्याकडे बघत होती. लेकराच्या डोळ्यांत तशी भीती मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

दवाखान्यात तोंडावर मास्क लावून ती सावरली. तिचा हात धरून बसलेला नवरा मात्र सावरला नाही. निघताना डॉक्टर म्हणाले, "धूळ आणि धूर यांपासून जपा. घर स्वच्छ ठेवा, हवेशीर ठेवा." धूळ, धूर आणि स्वच्छ हे तीन शब्द नवऱ्याने उचलले. चौथा तिथेच टेबलावर राहिला, आणि तो राहिला हे माझ्याही लक्षात आलं नाही.

नवरा इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात आहे, रंगखात्यात. पहाटे कंपनीची बस येते आणि तो जातो. त्या रंगखात्यात माणसं डोक्यापासून पायापर्यंत झगे घालून वावरतात, कारण ओल्या रंगावर धुळीचा एक कण बसला तरी माल परत येतो. उमेदीची सगळी वर्षं त्याने धुळीशी भांडण्यात घालवलेली. आता ते भांडण त्याने घरी आणलं. खिडक्यांच्या फटींना रबराच्या पट्ट्या लागल्या. स्वयंपाकघरातल्या बाहेर हवा फेकणाऱ्या पंख्याची पाती धूळ आत सोडतात म्हणून तो पंखा निघाला आणि त्या भोकावर काच बसली. ओट्यावर चिमणी आली, पण तीही वाफ गाळून पुन्हा घरातच सोडणारी. देवाची खोली म्हणजे आमच्याकडे हॉलला लागून असलेली एक चिमुकली खोली, दोन माणसं जेमतेम बसतील एवढी. तिच्या झरोक्यावरसुद्धा जाड प्लास्टिक ताणून चिकटवलं. पडदे गेले, गालिचा गेला, माझी कुंडीतली तुळससुद्धा मातीसकट खाली वॉचमनच्या खोलीपाशी गेली.

आणि हॉलच्या कोपऱ्यात ते यंत्र आलं. हवा शुद्ध करणारं, पांढरं, मुलीच्या खांद्याइतकं उंच. त्याच्या कपाळावर एक दिवा होता. हवा चांगली असली की हिरवा, बिघडू लागली की पिवळा, आणि धूर झाला की तांबडा. तांबडा झाला की नवऱ्याच्या मोबाइलवर कारखान्यात घंटी वाजे. मुलीने पहिल्याच दिवशी त्याला 'कण्णु' म्हणायला सुरुवात केली. कण्णु म्हणजे डोळा.

खरं ते सांगितलं पाहिजे. मुलीला गुण आला. खोकला थांबला, ती रात्रभर झोपू लागली, शाळा बुडेना. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि आम्ही तर उकळत्या दुधात तोंड घातलं होतं. त्यामुळे कुणी काही बोलेना. मी मिरजेकडची, जरा तोंडाळच आहे. घरात चार वेळा वाऱ्याची झुळूक आली नाही तर माझं डोकं फिरतं. पण मुलीच्या छातीवर कान ठेवला की आतून काहीच ऐकू येत नसे, आणि त्या शांततेपुढे माझं तोंड बंद होई.

सगळ्यात जास्त गप्प झाल्या त्या सासूबाई. यांचं घराणं तंजावरकडचं मराठी. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहूनही घरात बोलायचं ते मराठीतच, पण ती मराठी जुनी, हेल तमिळ, आणि मधूनमधून तमिळ शब्द पेरलेले. लग्न होऊन आले तेव्हा मला त्यातलं निम्मं कळत नसे आणि त्यांना माझं बोलणं रेडिओवरच्या बातम्यांसारखं वाटे. पण बाईंनी मला जीव लावला. त्या शाळेत कारकून होत्या, सगळा जन्म नोकरी आणि स्वयंपाक या दोन खुंट्यांवर टांगलेला. जेवणाआधी कावळ्याला भाताचा घास ठेवल्याशिवाय त्यांनी कधी पान वाढलं नव्हतं. तो घास ठेवायचा तो स्वयंपाकघराच्या खिडकीत. खिडकी बंद झाल्यावर कावळा काही दिवस काचेवर चोच आपटत राहिला. सासूबाई आतून त्याला हात जोडत. मग तो यायचा थांबला.

त्या दिव्याला त्या भ्यायला लागल्या ते मिरचीच्या दिवसापासून. दह्यात मुरवून वाळवलेल्या मिरच्या त्यांनी माझ्यासाठी तळायला घेतल्या होत्या. पहिली मिरची तेलात पडली, तडतडली, आणि हॉलमधला दिवा तांबडा झाला. लगेच त्यांचा फोन वाजला.

"आई, घरांत काय जळूलाय?" नवरा पलीकडून ओरडत होता.

"काही नाहीं रे, मोरमिळगाय तळते. दोनच."

"लेकराला परत दवाखान्यांत घालायचंय का तुला?"

त्यांनी फोन ठेवला. गॅस बंद केला, कढई तशीच झाकून ठेवली आणि दिव्याकडे बघत उभ्या राहिल्या, तो पुन्हा हिरवा होईपर्यंत. मला नवऱ्याचा संताप आला होता आणि घरी आल्यावर मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. तो खजील झाला, आईपुढे जाऊन बसला, तिच्या पायाला हात लावला. पण शब्द एकदा गेला की गेला. त्यानंतर सासूबाई देवापुढचं निरांजनसुद्धा लावताना हॉलमध्ये डोकावून दिवा बघून येत. हळूहळू त्या यंत्रासमोरून जाताना आवाजही खाली आणू लागल्या, जणू त्याला ऐकूही येतं. मला हसू येई. नंतर नंतर येईनासं झालं, कारण एकदा मी स्वतःच उदबत्तीचा पुडा हातात घेऊन त्याच्याकडे चोरून बघत असल्याचं माझ्या लक्षात आलं.

आता शुक्रवारचं सांगते. या मुलखात शुक्रवार म्हणजे बायकांच्या न्हाण्याचा दिवस. डोक्याला तेल चोपडायचं, शिकेकाईने न्हायचं, आणि मग ओल्या केसांना सांब्राणीचा धूर द्यायचा. सांब्राणी म्हणजे ऊद. आपल्याकडे बाळंतिणीला धुरी देतात तसंच, फक्त इथे ते दर आठवड्याचं. नारळाच्या करवंट्या गॅसवर धरून लाल निखारे करायचे, मातीच्या धुपाटण्यात घालायचे, वर सांब्राणीची पूड टाकायची, त्यावर वेताची टोपली पालथी घालायची आणि टोपलीवर केस पसरून आडवं व्हायचं. सासूबाईंची आई त्यांना असंच करी, आणि नात जन्मल्यापासून त्या नातीला करत आल्या होत्या. लहानपणी ती त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पडे आणि दोघी एकमेकींना आपल्या तमिळमिश्रित मराठीत न संपणाऱ्या गोष्टी सांगत; ती आजीला 'पाट्टी' म्हणे आणि आजी तिला लाडाने 'कण्णा'. धुरी घेऊन उठली की मुलीच्या केसांना दिवसभर वास येत राही.

धूर बंद म्हटल्यावर तेही बंद झालं. नवऱ्याने केस वाळवायचं यंत्र आणून दिलं. सासूबाईंनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्याचं वारं मेंदूंत शिरतं." तरी घेतलं. शाळा चालू होती तोवर शुक्रवारी सकाळच्या घाईत न्हाणंच जमत नसे. पण मे महिन्याची सुट्टी लागली. बाहेर उन्हाने डांबर वितळत होतं आणि आत सगळ्या खोल्यांत एसीचा गारठा. गच्चीवर जाऊन केस वाळवावेत तर तिथे रस्त्याची धूळ, म्हणजे तिथेही बंदी. "डोकं ओलं ऱ्हायलं म्हणजे सळी धरते, आणि सळी छातींत उतरली म्हणजे काय होईल, अगे, तूच सांग," त्या मला म्हणाल्या होत्या. सर्दीची भीती त्यांना माझ्याहून जास्त होती. त्या पायरीवरच्या संध्याकाळनंतर त्या नातीचा श्वास मोजत बसत, मी पाहिलंय.

मी घरून मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते, संगणकावर, कानांना हेडफोन लावून. शुक्रवारी सकाळी माझा वर्ग असे. सासूबाई नातीला न्हाऊ घालत, हातात ते केस वाळवायचं यंत्र घेऊन दोघी देवाच्या खोलीत जात आणि दार लावून घेत. हॉलमध्ये गार लागतं म्हणून, असं मला सांगितलेलं. मला पटलं होतं. मी दिव्याकडे एक नजर टाकी, तो हिरवा असे, आणि मी अपूर्णांकांकडे वळत असे.

पहिल्या शुक्रवारी दुपारी मुलगी डोकं दुखतं म्हणाली. सासूबाईंचंही दुखत होतं. आम्ही उन्हावर ढकललं, पण त्या दिवशी घरातून पाऊल कुणी बाहेर टाकलं नव्हतं. पुढच्या शुक्रवारी मुलीला उलटी झाली आणि ती संध्याकाळपर्यंत झोपून राहिली. डॉक्टर म्हणाले, पित्त असेल. शनिवारी ती नेहमीसारखी नाचत होती. त्यानंतरच्या शुक्रवारी सासूबाई स्वयंपाकघरात भिंत धरून उभ्या राहिलेल्या मला दिसल्या. "काही नाहीं, तोल गेला," म्हणाल्या. रविवारी नवऱ्याने रबराच्या सगळ्या पट्ट्या पुन्हा तपासल्या. कुठून तरी घाण आत येतेय, अशी त्याची खात्री झाली होती. देवाच्या खोलीच्या झरोक्यावरच्या प्लास्टिकची एक कड सुटली होती. ती त्याने जाड टेपने नीट बंद केली, आणि मी खाली स्टूल धरून उभी होते.

मला तेव्हा काहीतरी जाणवत होतं, पण ते काय हे सांगता आलं नसतं. घरात यायला नको वाटायचं. दूध आणायला खाली गेले की मी उगाच वॉचमनशी गप्पा मारत थांबे, उन्हात, धुळीत. वर आले की दार मागे बंद होताना एक मऊ आवाज येई, रबरावर लाकूड टेकल्याचा, आणि बाहेरचं जग पुसलं जाई. मी नवऱ्याला म्हटलंही, "या घरात मला मेल्यासारखं होतं." तो म्हणाला, "तुला गोंगाटाची सवय." त्याने यंत्राकडे बोट दाखवलं. दिवा हिरवा होता. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, पण आम्ही हात बघणंच सोडून दिलं होतं, नुसता आरसा बघत होतो.

त्या शुक्रवारी माझा वर्ग नेहमीसारखा चालू होता. एक मुलगा भागाकारात अडकला होता आणि मी त्याला तिसऱ्यांदा समजावत होते. तेवढ्यात वीज गेली. संगणकावरची मुलं नाहीशी झाली. मी चरफडत हेडफोन काढले. एसी थांबला, फ्रिज थांबला, आणि कोपऱ्यातलं यंत्रही थांबलं. त्याची घरघर किती दिवस आमच्या कानांत होती ते ती बंद पडल्यावर कळलं. दिवा विझला होता. घर अगदी निःशब्द झालं.

आणि त्या शांततेत मुलीचा आवाज नव्हता. आमची मुलगी गप्प बसणाऱ्यांतली नाही. झोपेतसुद्धा बडबडते. वीज गेली की इथली सगळी पोरं ओरडतात, तशी तीही ओरडते. मी वाट पाहिली. खालच्या मजल्यावरची पोरं ओरडली. आमच्या देवाच्या खोलीतून काही आलं नाही.

मी हाक मारली. मग सासूबाईंना हाक मारली. दार ढकललं तर ते थोडं सरकून अडलं. खाली काहीतरी मऊ, जड दाबून बसलं होतं. मला वाटलं, कुणाचं तरी अंग आहे. तो क्षण वैऱ्यावरही येऊ नये. मी खांद्याने धडका मारल्या, बोटं आत घातली, आणि हाताला ओलं कापड लागलं. ओला पंचा होता. आतल्या बाजूने दाराच्या फटीत नीट घडी घालून, ठासून बसवलेला.

आत अंधार नव्हता. झरोक्याच्या प्लास्टिकमधून दुधी उजेड येत होता. धूर नव्हता. वासही नव्हता. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, मान एका बाजूला कललेली. मुलीचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं, केस टोपलीवर पंख्यासारखे पसरलेले, आणि टोपलीखाली करवंट्यांचे निखारे शांत, तांबडे, राखेच्या पातळ पदराखाली जळत होते. दोघींचे चेहरे गुलाबी दिसत होते. बाजूला केस वाळवायचं यंत्र वायरची गुंडाळी न सोडता ठेवलेलं. इतकं सुखाचं चित्र होतं की निमिषभर, देवा, निमिषभर मला वाटलं की झोपल्या आहेत तर झोपू दे.

मुलीला उचललं तेव्हा तिचे हात खाली लोंबले. तिला हॉलमध्ये ओढलं, सासूबाईंना काखेत हात घालून फरफटत आणलं, आणि खिडकी उघडायला गेले तर ती उघडेना. रबर धरून बसलं होतं. मी पाटा-वरवंट्यातला वरवंटा उचलला आणि काचेवर घातला. बाहेरची गरम, मातीची, पेट्रोलची हवा आत घुसली. मी खिडकीतून खाली बघून किंचाळले ते मराठीतच, शुद्ध मिरजेच्या मराठीत, "अहो धावा, माझी पोरगी!" वॉचमनला मराठीचा एक शब्द येत नाही. तो धावत आला.

मुलीने रिक्षातच उलटी केली आणि रडू लागली. ते रडणं मला अजून कानात साठवून ठेवावंसं वाटतं. सासूबाई मात्र दुसऱ्या दिवशीपर्यंत जाग्या झाल्या नाहीत. दवाखान्यात दोघींना शेजारशेजारच्या खाटांवर प्राणवायू लावला होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि मला विचारलं, "घरात कोळसा पेटवता का?" कोंडलेल्या जागेत निखाऱ्यांतून जो वायू निघतो त्याला रंग नसतो, वास नसतो, त्याने खोकलासुद्धा येत नाही, असं त्यांनी समजावलं. मी आमच्या हवेच्या यंत्राचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्याला धूळ आणि धूर कळतो. हे कळत नाही."

नवरा कारखान्यातून तसाच आला होता, पायांत कारखान्याचे बूट. तो दोन खाटांच्या मधे उभा राहिला आणि कुणाकडे बघावं हे त्याला कळेना. मग तो अगदी हळू, कामाची गोष्ट सांगावी तसा मला म्हणाला, "आमच्या रंगखात्यालाही सगळ्या फटी बंद असतात. पण वरून सतत ताजी हवा आत ढकलणारा मोठा पंखा असतो. तो बंद पडला की भोंगा वाजतो, आणि आम्ही सगळे बाहेर पळतो." त्याने पायांतल्या बुटांकडे पाहिलं. "तो पंखा मी लावलाच नाही." मग तो तिथेच फरशीवर बसला आणि रडला. मी त्याच्या शेजारी बसले. भांडायला माझ्याकडे शब्द भरपूर होते, आणि त्यातला एकही मला काढावासा वाटला नाही.

सासूबाई शुद्धीवर आल्या तेव्हा पहिल्यांदा नात कुठे आहे ते विचारलं. ती शेजारीच बसून बिस्किट खात होती. मग त्यांनी मुलाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा कसानुसा झाला. मिरचीच्या दिवशी झाला होता तसा.

"धूर नाहीं केला रे," त्या म्हणाल्या. "सांब्राणी घातलीच नाहीं. नुसतं निखारं. एवढासुद्धा धूर नाहीं."

खरंच घातली नव्हती. हे मला आजही सहन होत नाही. त्यांनी आमचा प्रत्येक नियम पाळला होता. धुराने पोरीचा दमा वाढतो, म्हणून सांब्राणी सोडली. स्वयंपाकघराचं दार लावून, करवंट्या चिमणीखाली धरून, धूर पार निघून जाईपर्यंत वाट पाहून मगच निखारे आत नेले. जराशी झळ, जरासा वास दिव्याला कळून मुलाला फोन जाऊ नये, म्हणून पंचा भिजवून फट बंद केली. केस ओले राहून पोरीच्या छातीत सळी उतरू नये एवढंच त्यांना हवं होतं. सांब्राणी घातली असती तर धूर झाला असता, मुलगी खोकली असती, दिवा तांबडा झाला असता, आणि आम्ही धावलो असतो. आमच्या धाकाने त्यांनी धोक्याची एकेक खूण नीट पुसून ठेवली होती.

नवऱ्याने खिडक्यांच्या पट्ट्या स्वतः सुरीने कापून काढल्या. झरोका मोकळा केला. यंत्र भंगारवाल्याला दिलं, तुळस वर आली, डॉक्टरांनी दिलेला फवारा मुलीच्या दप्तरात असतो आणि तिला तो वापरता येतो. कधीमधी छाती वाजते, आम्ही घाबरतो, फवारा देतो, वाजायची थांबते. कावळा परत आला. तोच की दुसरा, कोण जाणे.

सासूबाई मात्र पूर्ण परत आल्या नाहीत. घरी आल्यावर काही आठवडे ठीक होत्या. मग एक दिवस भात दोनदा लावला. मग शेजारणीला ओळखेनात. त्या वायूचं असं मागाहून होऊ शकतं, वय झालेल्यांना जास्त, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मिरची तळणं त्या विसरल्या, कावळ्याचा घास विसरल्या. कधी मला त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारतात आणि मी ओ देते. स्वभाव तसाच गोड राहिला आहे. त्यामुळे बघणाऱ्याला काही बिघडलंय असं वाटतही नाही.

एक गोष्ट तेवढी त्यांच्या लक्षात राहिली. शुक्रवारी न्हाऊन झालं की त्या कपाटातून पंचा काढतात, नळाखाली भिजवतात, घडी घालतात, आणि देवाच्या खोलीच्या दाराशी कष्टाने खाली बसून तो फटीत सारतात. निखारे नसतात, टोपली नसते, झरोका उघडा असतो आणि दारही. उघड्या दाराच्या खाली त्या पंचा दाबत बसतात आणि मधूनच मान वळवून हॉलच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मोठ्याने रडले. सुट्टी असली तरी नवरा शुक्रवारी घरात थांबत नाही.

परवाही तसंच झालं. मी उठणार तेवढ्यात मुलगी पुढे गेली. आता ती मोठी झालीय, केस कमरेपर्यंत आलेत, ते ती उन्हात गच्चीवर वाळवते. ती आजीजवळ उकिडवी बसली. सासूबाईंनी तिचा हात धरला आणि कुजबुजत विचारलं, "कण्णा, दिवा कसा आहे बघ."

मुलीने मान वळवून त्या रिकाम्या कोपऱ्याकडे नीट पाहिलं.

"हिरवा आहे, पाट्टी," ती म्हणाली, आणि पंचा हळूच ओढून घेतला.

"बरं," म्हणाल्या. पण हात सोडला नाही.